दोन इंचांचा बॉल, टनांचा खेळ!

ठाणे स्टेशनबाहेर रिक्षात बसा आणि म्हणा, 'मानपाडा!' रिक्षा घोडबंदर रोडला लागते. डोंबिवली स्टेशनबाहेर तोच शब्द उच्चारा, रिक्षा कल्याण-शीळ रस्त्याच्या दिशेने सुटते. जिल्हा एक, मानपाडे दोन!

पण या दोन्ही मानपाड्यांच्या दारावरून रात्रंदिवस एकच पाहुणा जातो, माहीत आहे का? ट्रेलर! घोडबंदर रोड नाशिक महामार्गाला अहमदाबाद महामार्गाशी जोडतो. कल्याण-शीळ रस्त्यावर पनवेल-तळोजाकडचा माल येतो. कंटेनर, लग्नाच्या मंडपाचा जनरेटर, रस्ता फोडणाऱ्यांचा कॉम्प्रेसर, डांबराचा बॉयलर. सतत कुणीतरी कुणालातरी ओढत नेतंय.

ट्रेलरकडे तर सगळेच बघतात. आज आपण बघायची त्याची मान! पुढची गाडी मागच्या गाडीला जिथे धरते तो सांधा. मानपाड्यात राहून मानेकडे दुर्लक्ष कसं चालेल?

आधी ओळखपरेड

गाडीच्या चासीला बोल्टने घट्ट बसवलेली पोलादी चौकोनी नळी म्हणजे रिसीव्हर. त्या नळीत सरकतो तो बॉल माउंट. माउंटच्या टोकावर ताठ उभा राहतो तो हिच बॉल. आणि ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला उपडी वाटी असते, ती या बॉलवर टोपीसारखी बसते. तिचं नाव कपलर. झाली ओळख! चार मंडळी, एक संसार.

आणि ही सगळी जोडणी बॉलवरच का? कारण गोल वस्तूवर वाटी सगळीकडे फिरते. वळणावर डावी-उजवीकडे, खड्ड्यात वर-खाली, थोडी तिरकीसुद्धा. घोडबंदर रोडचे खड्डे बघता यापेक्षा योग्य आकार सुचणं कठीण!

'टोचन' कुठून आलं?

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून नेणं म्हणजे 'टोचन'. हा शब्द आपण सगळे वापरतो. त्याचा टोचण्याशी काडीचाही संबंध नाही, माहीत आहे का? मूळ इंग्रजी शब्द 'टो चेन'. गॅरेजमध्ये रुळता रुळता तो इतका आपला झाला, की आता त्याला मराठी रेशनकार्ड मिळायला हरकत नाही.

आणि टोचनाचेही नियम आहेत हं! २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता नियमावलीनुसार ओढणारी आणि ओढली जाणारी गाडी यांच्यात ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नसे. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत ठेवावा लागे. आणि मागच्या गाडीवर 'ऑन टो' अशी पाटी, पांढऱ्यावर काळी, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच. दोन गाड्यांमधून बाइक घालणाऱ्याला दोर दिसत नाही, म्हणून दोर किंवा साखळीही ठळक दिसणारी लागे. हा नियम मला फार आवडतो. एका ओळीत कितीतरी मोटरसायकलवाल्यांचा जीव आहे.

बॉल केवढा?

अमेरिकेत हिच बॉल मुख्यतः चार मापांत मिळतात: पावणेदोनच्या किंचित पुढचा १ पूर्णांक ७/८ इंच, मग २ इंच, २ पूर्णांक ५/१६ इंच आणि राक्षसी कामांसाठी ३ इंच. क्रिकेटचा चेंडू साधारण ७२ मिलिमीटरचा. म्हणजे दोन इंची हिच बॉल क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही लहान! बिलियर्ड्सच्या बॉलपेक्षाही लहान! आणि तो ओढतो टनाटनाने.

थांबा, याहून भारी गोष्ट पुढे आहे. न्हावा-शेवाच्या बंदरातून निघालेला ४० फुटी कंटेनर तुमच्या बाजूने धडधडत जातो ना? तो ट्रेलर पुढच्या ट्रॅक्टर हेडला कशाने जोडलेला असतो, माहीत आहे का? खालून डोकावणाऱ्या एका पोलादी पिनेने. तिचं नाव किंगपिन. तिचं नेहमीचं माप? पुन्हा तेच, २ इंच! जास्त अवजड कामाला साडेतीन इंचांची. घरातल्या पेल्यापेक्षा बारीक पिनेवर अख्खा कंटेनर गोव्याला जाऊन येतो.

आता एक खतरनाक मिलिमीटर. युरोपात बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. फरक एका मिलिमीटरहूनही कमी! दिसायला जुळे भाऊ, पण वाटी एका देशाची आणि बॉल दुसऱ्या देशाचा असं करू नका. वाटी मोठी आणि बॉल लहान असला तर सगळं मस्त बसल्यासारखं वाटतं, कडी लागते, गाडी निघते. मग एका जोरदार खड्ड्यात वाटी उडते आणि ट्रेलर स्वतंत्र होतो. म्हणून बॉलच्या डोक्यावर कोरलेलं माप आणि कपलरवर छापलेलं माप सारखं आहे का, ते आधी वाचायचं. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून भलत्या मापाचा बॉल तर मुळीच घ्यायचा नाही!

टेप काढा, टेप!

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये मी नुकतीच तासभर उभी होते. एका उंच एसयूव्हीला छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडायचा होता. मालक उत्साहात होता, 'दादा, लावा पटकन, संध्याकाळी निघायचंय.' मिस्त्रीने पाना नाही, टेप काढली.

गाडी सपाट लादीवर उभी. जमिनीपासून रिसीव्हरच्या चौकोनाच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत माप: ४८ सेंटिमीटर. मग ट्रेलर जॅकवर उचलून अगदी आडवा समतल केला. जमिनीपासून कपलरच्या खालच्या ओठापर्यंत माप: ४० सेंटिमीटर. ४८ वजा ४०, उत्तर ८. 'आठचा ड्रॉप लागणार, साहेब. सरळ पट्टी लावली तर ट्रेलर आभाळाकडे बघेल.'

हेच ते बॉल माउंटचं मुख्य गणित! रिसीव्हर उंच असेल तर खाली उतरणारा माउंट, त्याला ड्रॉप म्हणतात. रिसीव्हर बुटका असेल तर वर चढणारा, तो राइज. बरेच माउंट उलटे करून, बॉल दुसऱ्या बाजूने लावला की ड्रॉपचा राइज होतो. एका पैशात दोन तमाशे!

ट्रेलर समतल का हवा? नाक वर असेल तर भार मागे सरकतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. नाक खाली असेल तर गाडीचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक सुस्तावतात.

मग बॉलचा नट. इथे मिस्त्रीने जे केलं ते बघण्यासारखं होतं. साधा पाना बाजूला ठेवला आणि हातभर लांब टॉर्क पाना घेतला. एक इंची दांड्याच्या बॉलचा नट सुमारे ३४० न्यूटन-मीटरने आवळतात. कारच्या चाकाचा नट साधारण १०० ते १२० ने. म्हणजे तिप्पट! शेवटी पान्यातून 'टक' आवाज आला, मिस्त्रीने नट आणि माउंटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. उद्या रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला हे लगेच कळतं. दोन रुपयांचा रंग, लाखाची अक्कल!

रिसीव्हरमधून आरपार जाणारी पिनही विसरायची नाही. दोन इंची रिसीव्हरला ती ५/८ इंच जाड, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. आणि तिला क्लिप हवीच. क्लिपशिवाय पिन म्हणजे गाठ न मारलेलं पोतं.

सगळ्यात लहान आकडा जिंकतो

रिसीव्हरचे वर्ग असतात. वर्ग १ मध्ये सुमारे ९०० किलोपर्यंत, वर्ग २ मध्ये सुमारे १,६०० किलोपर्यंत, वर्ग ३ मध्ये सुमारे ३,६०० किलोपर्यंत ओढता येतं. पण खरी मेख इथे आहे: रिसीव्हर, माउंट, बॉल, कपलर आणि स्वतः गाडी, प्रत्येकावर वेगळा आकडा असतो. त्यातला सगळ्यात लहान आकडा तो तुमचा! माउंट ३,६०० किलोचा आणि बॉल ९०० किलोचा असेल, तर तुम्ही ९०० चेच मानकरी. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये 'ट्रेलर ओढू नये' असं लिहिलं असेल तर विषय संपला, कितीही जाड पट्टी लावा.

ट्रेलरलाही जीभ असते!

हो, ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला इंग्रजीत 'टंग' म्हणतात आणि बॉलवर तो जितका भार टाकतो त्याला 'टंग वेट'. म्हणजे जिभेचं वजन! हे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. ६०० किलोचा ट्रेलर असेल तर ६० ते ९० किलो. म्हणजे बॉलवर एक धडधाकट माणूस कायमचा उभा आहे असं समजा. छोट्या ट्रेलरचं हे वजन घरच्या वजनकाट्यावरही बघता येतं: कपलरखाली बॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा, ठोकळ्याखाली काटा. जीभ हलकी झाली की शेपूट वळवळायला लागते. वेग वाढला की वळवळ वाढते आणि मग पुढची गाडीच फरफटते.

आता खरा धक्का! हे सगळं आपल्या शेतकऱ्याला केव्हापासून ठाऊक आहे. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी 'उलाळ' होते: जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोतं काचतं. भार पुढे आला की जू मानेवर दाबतं. भार कुठे रचायचा, यावर गाडीवान गाडी भरायचा. साहेबाचं 'टंग वेट' म्हणजे आपला उलाळ टाळायचा जुना हिशेब. हा शब्द आज फारसं कुणी वापरत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. ट्रेलर भरणाऱ्या पोरांना 'उलाळ करू नकोस' एवढं सांगितलं तरी पुरेल!

जू वरून आठवलं. 'जू' हा शब्द संस्कृत 'युग'वरून आला. इंग्रजी 'योक', आपलं 'योग' आणि बैलाचं जू, सगळी एकाच धातूची लेकरं. पहाटे ठाण्याच्या तलावपाळीवर योगा करणारे आणि जू ओढणारी खिल्लारं, भाषेच्या हिशेबाने चुलतभाऊ!

फटाफट फैरी

सेफ्टी चेन दोन असतात आणि त्या ट्रेलरच्या जिभेखालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. का? कपलर सुटलाच तर जीभ रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. बाळाची झोळी, तीच आयडिया!

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे. साइडकार आणि सेमी-ट्रेलर त्यातून वगळलेत. म्हणजे 'शोले'तली जय-वीरूची साइडकार कायद्याने ट्रेलर नव्हे.

बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये बंपरला फिरवून लावायचा एक टो हुक मिळतो, आणि अनेक कंपन्यांचा हा हुक उलट्या आट्याचा असतो! डावीकडे फिरवला की घट्ट होतो. हा हुक बंद गाडी ओढायला, ट्रेलर ओढायला नव्हे.

एसयूव्हीच्या मागे नुसत्या शोसाठी किंवा बंपर वाचावा म्हणून बॉल लावून फिरणारे खूप. पण मागून धडक बसली की बंपरने आपला जीव देऊन झेलायचा धक्का त्या पट्टीवाटे सरळ चासीत जातो. ट्रेलर नसेल तेव्हा पिन काढा, माउंट डिकीत ठेवा. पार्किंगमध्ये शेजाऱ्याच्या नडग्याही वाचतील.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात टेंट ट्रेलर आणि कॅम्पर ट्रेलर यांनाही जागा आहे, माहीत आहे का? कपलरचा कट्ट्यावर बोलबाला व्हायला सुरुवात झाली म्हणायची!

सिनेमाच्या 'ट्रेलर'ला ट्रेलर का म्हणतात? कारण तो आधी नाही, मूळ चित्रपटाच्या मागे जोडून दाखवत! अमेरिकेत ही पद्धत १९१३ मध्ये सुरू झाली. आणि १९१३ मध्ये गिरगावच्या कोरोनेशनमध्ये काय झळकलं? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. कमाल योगायोग!

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली. त्यातले चित्ररथ सजावटीच्या झालरीखाली काय असतात? बहुतेक ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा टेम्पो! झालर उचलली की हुक आणि पिन दिसते.

कधी गाडीवर नाव, कधी गाडीवर गाडी

'कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा' ही म्हण ज्याने घडवली त्याला डेट्रॉइटचा लोहार भेटला असता तर मजा आली असती. १९१४ मध्ये एका व्यापाऱ्याला आपली होडी गाडीने न्यायची होती. ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने फोर्ड मॉडेल टीच्या मागे दोन चाकी गाडा जोडला आणि होडी निघाली. त्याच गाड्यातून पुढे सेमी-ट्रेलरची कंपनी उभी राहिली. एका होडीने जगभरची मालवाहतूक बदलली.

आणि नावेऐवजी गाडीवर गाडी? कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत भरलेले ट्रक थेट मालगाडीवर चढवून न्यायला सुरुवात केली. ट्रकवाले रेल्वेवर बसून घाट पार करतात, डिझेल वाचतं, झोपही होते!

रेल्वे निघालीच आहे तर ठाण्याला सलाम. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे आले. ते किती इंजिनांनी ओढले, माहीत आहे का? तीन! साहिब, सिंध आणि सुलतान. आणि बोरघाटात आजही कर्जतला गाडीच्या शेपटीला इंजिनं लावतात, ती मागून ढकलतात. चढ १ : ३७ चा. म्हणजे हजार टनांच्या गाडीला नुसत्या चढासाठी सुमारे २७ टनांचं बळ जास्त लागतं.

विमान ओढायचंय? कार आणा!

२०१७ मध्ये पॅरिसला पोर्शे कायेनने २८५ टनांचं एअरबस ए-३८० विमान ४२ मीटर ओढलं. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'एंडेव्हर' हे अंतराळयान फ्रीवेवरच्या पुलावरून नेलं टोयोटाच्या टुंड्रा पिकअपने! सपाट रस्त्यावर चाकांवरची वस्तू ओढायला तिच्या वजनाचा अगदी छोटा हिस्सा बळ पुरतं, हे त्यामागचं गुपित. ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड. ट्रेलर घेताना आधी ब्रेक विचारा.

१९४७ मध्ये फ्रेंच सायकलपटू लेतुर्नेरने एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत कॅरॅव्हॅन ट्रेलर सायकलने ओढून दाखवला. आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्लिफ्टन गावात एका मॅक ट्रकने ११२ ट्रेलर एका माळेत ओढले. माळ किती लांब? १,४७४ मीटर! दीड किलोमीटरची रांग, एक इंजिन.

२०२३ च्या डिसेंबरात बिहारमधल्या मोतिहारीला एक विमान उड्डाणपुलाखाली अडकलं. उडत नव्हतं हो! ट्रेलरवर होतं, मुंबईहून आसामला निघालेलं भंगारातलं विमान. टायरमधली थोडी हवा काढली की अशी वाहनं दोन-चार इंच बुटकी होतात, आणि मग सुटतात.

आपला अंबरनाथी विक्रम

पण माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. ८ जुलै २०१९. अंबरनाथहून एक ट्रेलर निघाला. वर होता अंतराळ संशोधनासाठीचा प्रचंड ऑटोक्लेव्ह, रॉकेटचे भाग उष्णता आणि दाबाखाली भाजून पक्के करणारी भट्टी. वजन सुमारे ७० टन. ट्रेलरला टायर ७४. मुक्काम तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र, अंतर सुमारे १,७०० किलोमीटर.

पोहोचला कधी? १९ जुलै २०२०. वर्षभराने!

बरोबर ३२ माणसांचा ताफा. रस्त्यात झाडांच्या फांद्या, विजेच्या तारा, कमजोर पूल, अरुंद वळणं, आणि मध्येच लॉकडाउन. दिवसाला सरासरी जेमतेम साडेचार किलोमीटर. इस्रोची रॉकेटं मिनिटांत अवकाशात जातात. त्यांची भट्टी मात्र वर्षभर रस्त्यात होती, आणि ती सुखरूप नेणारी ती ३२ माणसं माझ्या लेखी कुठल्याही विक्रमवीराहून मोठी.

इतक्या जड कामात एक ट्रक पुढून ओढतो आणि चढावर दुसरा मागून ढकलतो. म्हणजे बोरघाटाचीच युक्ती, रुळांऐवजी डांबरावर. आणि ट्रेलरच्या पुढे-मागे दोन्हीकडे पुन्हा तोच सांधा, पोलादी पिन.

गाडी उचलली, पास!

परत त्या गॅरेजमध्ये. बॉल लागला, हलकं ग्रीस लागलं, कपलर बसला, कडी पडली, सात पिनांचा प्लग लावून इंडिकेटर तपासले. मालक चावी घेऊन उठला. 'थांबा साहेब,' मिस्त्री म्हणाला. त्याने ट्रेलरच्या जिभेखालचा जॅक फिरवला. जीभ वर आली आणि तिच्याबरोबर एसयूव्हीचं बूडही वर उचललं गेलं. सुटली नाही! 'आता जा.'

मग रिव्हर्सचा धडा. ट्रेलर उलटा फिरतो, सगळे गोंधळतात. मिस्त्रीने मालकाचा हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला, घड्याळात सहा वाजतात तिथे. 'हात डावीकडे, ट्रेलर डावीकडे. हात उजवीकडे, ट्रेलर उजवीकडे.' तिसऱ्या फेरीत ट्रेलर दोन ड्रमच्या मधून अलगद आत गेला.

परत आल्यावर रिकामा बॉल गंजू नये म्हणून काय करायचं? गॅरेजमधल्या पोराने मागच्या मैदानातून चिरलेला टेनिस बॉल आणला, चिरेला आणखी एक काप दिला, आणि मालकाच्या हातात ठेवला. 'यावर बसवायचा, काका. एकदम फिट.' मैदानातून हाक आली, 'ए, तो बॉल आमचा आहे!'